यावेळी उपस्थित होते

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पत्रकाराच्या धंद्यात ते आपोआप साठत जातात, मोबाईलमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो साठतात तसे. मग एक दिवस मोबाईल म्हणतो, जागा संपली, काहीतरी डिलीट करा. गेल्या हिवाळ्यात माझं तेच झालं. डिलीट करायला बसलो आणि लक्षात आलं, की आपले निम्मे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. बातमीच्या शेवटी येणाऱ्या यादीचे.

तुम्ही ती यादी कधी वाचली नसेल, किंवा तुमचं नाव असलं तर फक्त तीच वाचली असेल. 'यावेळी अमुकराव, तमुकराव आदी उपस्थित होते.' या एका ओळीपायी एका पोरीची पोलीस भरती जायची वेळ आली होती, आणि ती ओळ मीच टाकली होती. तिच्यापर्यंत येतोच. पण आधी ही यादी काय चीज आहे ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ओळीने कुणाचं काय बिघडतं!

आमचं ऑफिस म्हणजे परभणीत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन. मी संपादक. वैशाली बातम्या लिहिते, कॅमेऱ्यासमोर वाचते आणि उरलेल्या वेळात माझ्या चुका काढते. तिचे वडील झरीला मास्तर होते, त्यामुळे तिच्या टेबलावर छोट्या बुद्धमूर्तीशेजारी कायम एक लाल पेन असतो. तिसरे खलीलभाई, कॅमेरावाले. आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं त्यांनी लग्नांचं शूटिंग केलं. अजूनही पुढारी स्टेजवर चढायला लागला, की ते कॅमेरा आधी त्याच्या बुटांवर धरतात आणि मग हळूहळू वर नेतात. पोर्टलचं नाव सांगत नाही. सांगितलं, की सबस्क्राइब करा म्हणायची सवय आहे.

०००

मी मूळचा छापील पेपरवाला. मानवतला तालुका प्रतिनिधी होतो. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची आणि स्टँडवर जाऊन परभणीच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. यादी लांबली, की परभणीतला उपसंपादक पहिली चार नावं ठेवायचा आणि बाकी सगळ्यांचं 'आदी' करून टाकायचा. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लोक मला अडवायचे. मी म्हणायचो, मी तर लिहिलं होतं, वरून कापलं. वर नेमकं कोण असतं, हे कुणीच विचारलं नाही. त्या 'वरून'च्या आधारावर मी मानवतमध्ये बारा वर्षं सुखाने काढली.

पोर्टल सुरू केलं आणि माझा हा आधार गेला. ऑनलाइन जागेला मर्यादा नसते, हे आमच्याआधी पुढाऱ्यांना कळलं. पहिल्याच महिन्यात एका चौकातल्या सिमेंटच्या बाकड्याच्या लोकार्पणाची बातमी आली. बातमी तीन ओळींची, नावं सत्तेचाळीस. बाकड्यावर बसणार चौघं. आम्ही सगळी नावं टाकली आणि संध्याकाळी तेविसाव्या नंबरच्या माणसाचा फोन आला. बाविसाव्या नंबरवर त्याचा चुलतभाऊ होता आणि दोघांचा बांधावरून वाद चालू होता. आता गावात तोंड कसं दाखवू, असं त्याचं म्हणणं.

वैशालीने तोडगा काढला. नावं सरळ मुळाक्षरांच्या क्रमाने लावायची, म्हणजे कुणाला बोलायला जागाच नाही. दोन आठवडे खरंच शांततेत गेले. तिसऱ्या आठवड्यात एक वयस्कर कार्यकर्ते जिना चढून वर आले. नाव ज्ञानोबा. दर यादीत शेवटचे.

"सर, तीस वर्सं झाले पक्षात हाय मी," ते म्हणाले. "माझ्या बापानं ज्ञानोबा नाव ठेवलं, त्याची शिक्षा मला काऊन?"

वैशालीने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्याच दिवशी क्रम बंद केला.

०००

निवेदनाच्या फोटोचेही नियम असतात. ज्याचा हात कागदाला लागला, त्याने निवेदन दिलं. ज्याचा लागला नाही, तो नुसता आला होता. मागे एका तहसीलदारांना निवेदन देताना अकरा जणांनी एकच कागद धरला. खलीलभाई म्हणाले, थोडा इकडे सरका. पाच जण इकडे सरकले, सहा तिकडे, आणि कागद मधोमध फाटला.

तहसीलदार शांत माणूस. हातातला तुकडा त्यांनी चष्मा लावून वाचला. "माझ्याकडे 'महोदय' आणि विषय एवढंच आलंय," ते म्हणाले. "मागण्या तुमच्याकडेच राहिल्यात."

मग झेरॉक्स आणली. दुसऱ्या वेळी सगळ्यांनी कागदाला नुसतं एकेक बोट लावलं. फोटो छान आला. मागण्या काय होत्या, ते आज आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

०००

येलदरीचं धरण भरलं, की जलपूजन होतं. त्या वर्षी एका गटाने सोमवारी केलं आणि दुसऱ्याने मंगळवारी. आम्ही दोन्ही दिवस गेलो. मंगळवारी काठावर एक मासेमार जाळं उकलत बसला होता. त्याने दुसऱ्या गटाच्या अध्यक्षांना विचारलं, पूजा तर काल झाली ना? अध्यक्ष म्हणाले, काल त्यांची झाली, आज आमची.

मासेमाराने थोडा विचार केला. "मंग आज घावलेले मासे कोणाच्या पाण्यातले म्हणायचे?"

हे वाक्य आम्ही बातमीत घेतलं नाही. मात्र दोन्ही याद्या घेतल्या आणि तिथेच घोळ झाला. नऊ नावं दोन्हीकडे होती. बुधवारी त्या नऊ जणांचे फोन सुरू झाले. आमचं सोमवारचं नाव काढा, वरच्या साहेबांनी बघितलं तर तिकीट जाईल. मी म्हणालो, अहो, बातमी होऊन गेली. त्यातला एक म्हणाला, "काढा की सर, ऑनलाइन हाय ते. पेपर थोडाच हाय?"

मी काढलं. एडिटचं बटण दाबलं आणि नऊ माणसं सोमवारी येलदरीला गेलीच नाहीत. तेव्हा मला त्याचं काहीही वाटलं नाही, हे इथेच कबूल करून ठेवतो.

०००

आता दत्तराव. पंचायत समितीचे माजी सदस्य, जिल्हा परिषदेच्या तिकिटाच्या रांगेत कायम पुढून तिसरे. माणूस वाईट नाही. कुणाच्याही दवाखान्यात, दहाव्याला, साखरपुड्याला हजर. त्यांची एकच खोड. कार्यक्रम व्हायच्या आधी ते बातमी पाठवतात, यादीसकट.

एकदा सकाळीच त्यांचा मेसेज आला. 'मोफत नेत्रतपासणी शिबिर मोठ्या उत्साहात संपन्न.' खाली अडतीस नावं. आम्ही तसंच पोर्टलवर टाकलं. दुपारी कळलं, की डॉक्टर आलेच नव्हते आणि शिबिर झालंच नाही. मी चिडून फोन लावला. दत्तराव खूश होते.

"बातमी लय झ्याक आलती सर. लोकायचे सकाळपासून फोन यायलेत," ते म्हणाले. "फुडच्या वेळी शिबिरबी घेऊ."

हा किस्सा मी वर्षभर सांगत फिरलो. सगळे हसायचे. वैशाली हसली नाही. तिने विचारलं, सर, यादीतली माणसं खरोखर आलेली असतात का, हे आपण कधी बघितलंय? मी म्हणालो, लग्नपत्रिकेत नावं असतात तसं आहे हे. कुणी रुसू नये म्हणून टाकायची, एवढंच. ती लाल पेन घेऊन पुढच्या बातमीकडे वळली. मला वाटलं, पटलं तिला.

०००

झरीच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावाला आधीच पुरेसा ताप झालाय. तिथल्या ओढ्यावरचा पूल ठेंगणा आहे. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या वस्तीतली पोरं शाळेला मुकतात. गेल्या हिवाळ्यात गावाने ठरवलं, पुढचा पावसाळा यायच्या आत पूल पाहिजे. रास्ता रोको करायचा. पुढाकार दत्तरावांचा.

मी ऑफिसातच होतो. खलीलभाई कॅमेरा घेऊन झरी ओलांडतात न ओलांडतात, तोच दत्तरावांची यादी माझ्या मोबाईलवर आली. बावन्न नावं, बापाच्या नावासकट. यादी पूर्ण नावांची असली, की मला बरं वाटायचं. खलीलभाईंकडून एक फोटो आला, त्यात दत्तराव मूठ वर करून उभे. बारा वाजायच्या आत बातमी पडली.

गाड्या अडीच तास अडकल्या होत्या. गुन्हा दाखल झाला. त्या भागाच्या पोलीस जमादारांनी गावात नावं विचारली, तर कुणी तोंड उघडेना. मग त्यांनी मोबाईल उघडला. आमची बातमी समोरच होती.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात फोन ठेवायला उसंत नाही. पाचव्या नंबरवर यायला जो माणूस माझ्याशी भांडला असता, तो म्हणाला, मी त्या दिवशी सासरवाडीला होतो, सासऱ्याला विचारा. एकाने सलाईन लावलेला फोटो पाठवला. तिसरा म्हणाला, त्या नावाचा माणूस गावात अजून एक हाय. यातल्या दोघांनी आदल्या दिवशी आमची बातमी स्टेटसला ठेवली होती! स्वतः दत्तराव म्हणाले, मी आंदोलन केलं नाही, मी आंदोलनाला भेट दिली.

आम्ही तिघं हसत होतो. चौथ्या दिवशी दुपारी कोमल आली आणि हसणं थांबलं.

बरोबर वडील होते. मेंढ्या राखणारा माणूस, डोक्याला पटका. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी दारातच उभे राहिले. बोलली कोमल. गाव तेच, पण ती इथे परभणीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची आणि रोज सकाळी ग्राउंडवर पळायची. मैदानी झाली होती, लेखी झाली होती, पोलीस भरतीच्या निवड यादीत नाव लागलं होतं. आता चारित्र्य पडताळणी बाकी होती. आणि आमच्या यादीत एकेचाळिसावं नाव तिचं होतं, पुढे कंसात 'युवती प्रतिनिधी'. तिचा चुलता दत्तरावांचा माणूस. पुतणीचं नाव झळकावं म्हणून त्याने कौतुकाने ते घातलं होतं. त्या दिवशी ती गावात नव्हतीच.

ती रडली नाही. तिने सगळं नीट, क्रमाने सांगितलं.  वडील निघताना एवढंच म्हणाले, "चार वर्सं झाले पोरगी पळायलीय, सर."

मी एडिटचं बटण शोधायला लागलो. वैशाली म्हणाली, काय उपयोग, जमादारांकडे प्रिंट गेलीय.

जमादारांना भेटलो. भला माणूस. म्हणाले, तुम्ही लेखी द्या, की ही मुलगी तिथे नव्हती, मी नाव वगळायचं बघतो. मी विचारलं, काय कारण लिहू? ते म्हणाले, जे झालं ते लिहा.

जे झालं ते म्हणजे काय? की आमच्या बातमीतली यादी आम्ही बघत नाही. ती आधीच येते आणि आम्ही टाकतो. बावन्नपैकी कोण होतं आणि कोण नव्हतं, हे मला माहीत नाही. तीस वर्षांत मी असं कधी लिहून दिलं नव्हतं. ते पत्र बाहेर गेलं असतं, तर प्रत्येक पक्षाच्या ग्रुपवर फिरलं असतं. मी घाबरलो. कोमलला सांगितलं, वकिलाला विचारून कळवतो. कुठला वकील आणि कुठलं काय! तीन दिवस मी टाळाटाळ केली. ती रोज एक मेसेज करायची, 'सर, काही झालं का?' आणि मी अंगठा पाठवायचो. आज तो अंगठा आठवला, की लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी खलीलभाईंनी माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला. त्या रास्ता रोकोचं सगळं शूटिंग, न कापलेलं.

"पूरा देखो सर," ते म्हणाले. "एक फोटो पे नक्को जाओ."

आम्ही तिघांनी अडीच तास ते बघितलं. दत्तराव आले, मूठ वर केली, गेले. त्यांच्या गाडीबरोबर पंधरा-वीस जण आले आणि त्यांच्या गाडीबरोबरच गेले. रस्त्यावर शेवटपर्यंत बसलेली माणसं वैशालीने दोनदा मोजली. एकोणीस. त्यात चौदा बायका. पलीकडच्या वस्तीतल्या. पोरांची दप्तरं शेजारी ठेवून बसलेल्या. खलीलभाईंनी त्यातल्या प्रत्येकीचा चेहरा घेतला होता, लग्नात वऱ्हाडाचा घेतात तसा, कुणालाच न वगळता. आमच्या यादीत बाईचं नाव एकच होतं, कोमलचं, म्हणजे त्या चौदाजणींपैकी एकीचंही नाव त्यात नव्हतं. आणि आम्ही तिघं त्यातल्या एकीलाही ओळखत नव्हतो. वैशालीने लाल पेन हातात घेतला होता, पण खूण करायची कुठे, हे तिलाही समजेना.

मी पत्र लिहिलं. हाताने, मानवतला लिहायचो तसं. काही झाकलं नाही. जमादारांनी वाचलं आणि विचारलं, सर, हे बाहेर गेलं तर तुमच्या पोर्टलचं कसं? मी म्हणालो, तुम्ही आवकचा शिक्का मारा, बाहेर मीच पाठवतो. ऑफिसात येऊन तेच पत्र मी पोर्टलवर टाकलं. खाली लिहिलं, या बातमीतली यादी आम्ही दुरुस्त करत आहोत.

व्हायचं ते झालं. दिवसभर सगळ्या ग्रुपवर मीच. दत्तरावांनी मला ब्लॉक केलं. कॉमेंट तर विचारू नका. त्यातली सगळ्यात सभ्य कॉमेंट अशी होती, 'मग बातमीत खरं काय होतं? तारीख?'

पण कोमलचं नाव वगळलं गेलं. पडताळणी झाली. तिचा मेसेज आला तेव्हा मी अंगठा पाठवला नाही, फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या सर. ती मोठ्या मनाची आहे म्हणून म्हणाली, जाऊ देण्यासारखं ते नव्हतं.

०००

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी जिन्यात पावलं वाजली. हळूहळू, मध्ये थांबत. दारात एक म्हातारी बाई उभी. मी ओळखलं नाही. खलीलभाईंनी ओळखलं. शूटिंगमध्ये ती रस्त्याच्या मधोमध पाय पसरून बसली होती आणि एका टेम्पोवाल्याने किती हॉर्न वाजवला तरी हलली नव्हती. ती झरीपर्यंत चालत आणि पुढे एसटीने आली होती.

वैशालीने पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "यादी दुरुस्त करायलाव म्हणं तुमी."

मी हो म्हणालो. त्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी कुणी आलंच नव्हतं, म्हणून विचारलं, कुणाचं नाव काढायचं, आज्जी?

"काढायचं न्हाई. घालायचं हाय. माझं."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सावकाश समजावून सांगितलं. या यादीवर पोलीस केस आहे. कोर्टाच्या तारखा पडतील, प्रत्येक तारखेला परभणीला यावं लागेल. नाव आलं म्हणून पूल लवकर होणार नाही. बाकीचे सगळे नाव काढून घ्यायला येतात. तिने सगळं ऐकून घेतलं. जमादार गावात येऊन हेच सांगून गेला होता, म्हणाली.

मग तिने वैशालीकडे बघितलं. वैशालीने कीबोर्ड पुढे ओढून घेतला होता.

"आमच्या गावच्या पोरीचं नाव काढलं ना तुमी, तिची जागा रिकामीच आसंल की," ती म्हणाली. "तिथं माझं लिव्हा. मी व्हते तिथं."